दुसरी गाठ

३ फेब्रुवारी

नव्या वर्षाला यांनी दिलेली ही डायरी महिनाभर कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज प्रयोगशाळेत कुणी कुणाशी भांडलं नाही. असा दिवस नोंदवून ठेवलेला बरा.

आमचा उपग्रह आता टेबलावर पूर्ण उभा आहे. उपग्रह म्हटलं की लोकांना पंख पसरलेलं काहीतरी अवाढव्य वाटतं. आमचा चहाच्या मोठ्या डब्याएवढा आहे. विद्यापीठातल्या पोरांनी तो चार वर्षं खपून घडवला आणि मी, मार्गदर्शक म्हणून, चार वर्षं त्यांच्यावर ओरडले. वर गेल्यावर तो थोडंफार तापमान मोजणार, ते खाली कळवणार आणि मधूनमधून मुलांच्या आवाजातले निरोप ऐकवणार. हातात मावेल एवढा रेडिओ असला तरी ते ऐकू यावेत, शाळकरी पोरांना गंमत वाटावी, एवढाच त्याचा जीव.

ते निरोप आज रेकॉर्ड केले. विभागप्रमुखांना ‘समस्त मानवजातीस शुभेच्छा’ असलं काहीतरी हवं होतं. पोरांनी माना डोलावल्या आणि आपापल्या मनाचं बोलून मोकळी झाली. ट्रान्समीटर बनवणाऱ्या पोराला आम्ही खरखर म्हणतो, कारण त्याच्या कोपऱ्यातून दिवसभर तोच आवाज येतो. त्याने नुसती शीळ घातली. शेवटी कप्तान आली. ही या सगळ्यांची म्होरकी. खऱ्या नावाने हाक मारली तर तीच दचकते. ती माइकपुढे वाकून म्हणाली, “आई, मी वरून बोलतेय. जेवलीस का?”

सगळे हसले. ती नाही हसली. तिची आई गावी अंथरुणाला खिळली आहे, श्वासाचं जुनं दुखणं. रोज फोनवर लेकीला पहिला प्रश्न हाच विचारते. म्हणून हिने तो परत केला. गेल्या सुट्टीत हिने आईला छोटा रेडिओ नेऊन दिलाय, आमच्या फ्रिक्वेन्सीवर लावून. उपग्रह गावावरून जाईल तेव्हा आईला लेक ऐकू येणार. आई म्हणते म्हणे, एवढं ऐकलं की मी सुटले.

“असलं अभद्र बोलू नको म्हणावं त्यांना,” मी म्हटलं.

प्रमुखांनी नाक मुरडलं, पण निरोप मी तसाच ठेवला. मलाही बोलायला सांगत होते. मला काही सुचलं नाही. मला कुणाला काय सांगायचंय?

१९ फेब्रुवारी

आज अँटेना उघडली. फट् असा आवाज झाला आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या.

वाचणाऱ्याला (म्हणजे मलाच, म्हातारपणी) सांगून ठेवते. अँटेना म्हणजे सुताराच्या मोजपट्टीची पोलादी पाती कापून केलेली. ती मुडपून डब्याला चिकटवून ठेवायची आणि वरून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधायची. दोरा एका छोट्या तारेवरून जातो. वर पोचल्यावर ती तार तापते, दोरा वितळून तुटतो, पाती मोकळी होतात. पाती उघडली नाहीत तर उपग्रह तोंडात बोळा कोंबल्यासारखा. बोलेल, पण खाली कुणाला ऐकू जाणार नाही. म्हणून ती गाठ फक्त कप्तान मारते. एकच वेढा, एकच गाठ, तारेच्या बरोबर वर. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, मलासुद्धा.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, “बरं झालं तुला लावू देत नाही. तू माझ्या डब्याच्या पिशवीला गाठ मारतेस ती ऑफिसात मला दाताने सोडवावी लागते. एकावर एक, एकावर एक. साहेबासमोर पिशवी चावत बसतो मी.”

मी म्हटलं, “सांडलं कधी काही?”

“नाही. पण खाल्लंही कधी वेळेवर नाही.”

११ मार्च

थरथरणाऱ्या टेबलावरची परीक्षा. रॉकेटात जितके हादरे बसतील तितके डब्याला दिले. मी डोळे मिटून घेतले होते, खरखरने सांगितलं तेव्हा उघडले. सगळं जागच्या जागी. फक्त अँटेनाचा दोरा किंचित सैल झाल्यासारखा मला वाटला. कप्तान म्हणाली, “मॅडम, तेवढा सैल चालतो. आपण असाच तपासलाय.” तिने पुन्हा बांधला. मी मान डोलावली, पण तो दोरा डोक्यातून जात नाही.

२ एप्रिल

दिला. आमचा डबा आज दुसऱ्यांच्या हातात दिला.

प्रक्षेपण केंद्रातली ती खोली इतकी स्वच्छ की आपलाच श्वास अपराधी वाटतो. पांढरे झगे, टोप्या, हातमोजे. मी, कप्तान आणि खरखर. डबा रॉकेटच्या पेटीत सरकवायच्या आधी शेवटची तपासणी आमची. तेवढ्यात बाहेरच्या माणसाने काचेवर टकटक करून कप्तानला बोलावलं. घरून फोन. आईला दवाखान्यात नेलं होतं.

ती बाहेर उभी राहून बोलत होती, काचेतून मला तिची पाठ दिसत होती. मी डब्याकडे पाहिलं. दोरा सैल. बोट लावलं की हलत होता. खरखर कागदावर सह्या करत होता. केंद्राचा माणूस घड्याळ पाहत होता. रॉकेटात पाती मधेच सुटली तर शेजारच्या उपग्रहाला लागतील, सगळंच मुसळ केरात. मी आमच्या हत्यारांच्या पेटीतला दोरा घेतला, आणखी एक वेढा दिला, वर नीट दुसरी गाठ मारली. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. डबा पेटीत सरकवताना केंद्राच्या माणसाने माझा फोटोही काढला.

कप्तान आत आली तेव्हा झाकण लागत होतं. तिचे डोळे लाल होते. मग तिघांचे फोटो काढले. फोटोत मीच एकटी हसतेय.

५ एप्रिल

कप्तान रजा मागायला आली. आईला घरी आणलंय, पण ऑक्सिजन लावूनच. “मॅडम, मी जाऊ का? लाँच झाल्यावर खरखर बघेल इथलं.”

मी तिला समोर बसवलं, चहा दिला. म्हटलं, “अगं, तू गेलीस तर इथे पहिला सिग्नल पकडणार कोण? खरखरला घाबरल्यावर डावं-उजवं कळत नाही. वर गेल्या गेल्या काही बिघडलं तर आज्ञा तूच पाठवू शकतेस. तू इथे राहून तो डबा बोलता ठेवलास, की आईला तुझा आवाज ऐकू येईल. तिथे जाऊन नुसती उशाशी बसशील, त्याने काय होणार? तिला काय हवंय ते बघ.”

तिने चहाचा कप तसाच बाजूला सरकवला. मग म्हणाली, “बरोबर आहे तुमचं.”

मुलांना वेळेवर खरं बोलून दाखवणारं कुणीतरी लागतं. मला बरं वाटलं.

२६ एप्रिल

गेला! आमच्या मोठ्या खोलीत पडदा लावला होता. रॉकेट उठलं तेव्हा प्रमुखांनी मला चक्क मिठी मारली आणि मग दोघेही ओशाळलो.

डबा संध्याकाळी पहिल्यांदा आमच्या डोक्यावरून गेला. गच्चीवरची अँटेना त्याच्या मागे मागे फिरत होती. खोलीत पंखासुद्धा बंद केला होता. नुसता खस्स आवाज. कप्तानचा फोन टेबलावर उताणा होता, पलीकडे तिचे बाबा, आणि त्यांच्या पलीकडे आई.

डबा क्षितिजाखाली गेला. कप्तान फोन उचलून म्हणाली, “पहिल्यांदा असं होतं, बाबा. उद्या बोलेल.”

३० एप्रिल

बोलत नाही.

आज मी खरखरवर भडकले. सगळ्यांसमोर. ट्रान्समीटर तुझा, चाचण्या अर्धवट तू केल्यास, शिट्ट्या घालायला पुढे. त्या पोराचे कान लाल झाले होते. कप्तान म्हणाली, “मॅडम, त्याचं काही चुकलेलं नाही.” मी म्हटलं, “मग कुणाचं चुकलंय?” ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ही मुलगी सगळ्यांना पाठीशी घालते, तेच तिचं चुकतं.

४ मे

सकाळ-संध्याकाळ कप्तान आज्ञा पाठवते. तार पुन्हा तापव, पुन्हा तापव. मी विचारलं, तारेच्या मागे का लागलीस, ट्रान्समीटर मेलाय. म्हणाली, करून बघते.

तिने जेवण सोडल्यासारखं केलंय. मी घरून दोन डबे नेते. पिशवीच्या गाठी तिने निमूट सोडवल्या, एकेक, नखाने.

९ मे

आज तिच्या बाबांचा फोन मला आला. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आवाज खालचा, शब्द तोलूनमापून.

“मॅडम, पोरीला विचारलं तर ती म्हणते काम आहे. तुमच्या शब्दाबाहेर नाही ती. एकदा पाठवाल का?”

मी आईची तब्येत विचारली.

“रेडिओ उशाशी घेऊन असते. नुसता खस्स आवाज आला तरी चालू ठेवायला लावते. म्हणते, बंद केला आणि नेमकी तेव्हाच बोलली तर? बॅटरी मीच बदलतो.” मग म्हणाले, “रेडिओ नाही बोलला तरी चालेल हो. पोर आली तरी पुरे.”

लगेच हो म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उद्या संध्याकाळी डबा बरोबर त्यांच्या गावावरून जाणार होता, इतका सरळ पुन्हा आठवडाभर जाणार नाही. मी म्हटलं, “दोन दिवस द्या. मी स्वतः तिला गाडीत बसवून देते.”

ते म्हणाले, “बरं.”

१० मे

बोलला नाही.

१२ मे

कप्तानची आई पहाटे गेली. पोर बसमध्ये होती. पोचायच्या आधीच.

१६ मे

हे आणि मी जाऊन आलो. पाच-सहा तासांचा रस्ता.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. खाट भिंतीपासून ओढून मधे घेतलेली, पलीकडे खिडकी. बाबा आम्हाला खुर्च्या देऊन स्वतः खाटेच्या कडेवर टेकले. उशी अजून तिथेच होती आणि उशीशेजारी तो रेडिओ, खस्स करत चालूच. कुणालाच तो बंद करायचं धाडस होत नव्हतं. मी तो आवाज कधीची ऐकतेय, पण असा कधी ऐकला नव्हता.

कप्तानने पाणी आणून दिलं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “तू केलंस ते तिच्यासाठीच केलंस.” तिने हात सोडवून घेतला नाही. पण धरलाही नाही.

निघताना बाबा यांना म्हणाले, “शेवटच्या दिवशी विचारत होती, पोर जेवली असेल का.” गाडीत बसल्यावर यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

कप्तान परत येणार नाही. तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागणार आहे.

२१ जून

बाहेरच्या एका देशात शेतभर पसरलेली मोठी अँटेना आहे. त्या मंडळींना आम्ही हातापाया पडून विनंती केली होती. त्यांचं उत्तर आलं. आमचा डबा बोलतोय! अगदी क्षीण, भिंतीआड कुणी पुटपुटावं तसा, पण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर. शब्द कळत नाहीत. खाली त्यांनी लिहिलंय, ट्रान्समीटर उत्तम दिसतो, अँटेना उघडलेली नसावी.

खरखर वाचताना रडायलाच लागला. मी त्याला सॉरी म्हटलं. शिक्षकाकडून सॉरी ऐकायची त्याची पहिलीच वेळ असेल, विद्यार्थ्याला म्हणायची माझी तर आहेच.

मग दुपारभर आम्ही चर्चा करत बसलो. दोरा का तुटला नसेल? एक वेढा तर वीस वेळा तुटला होता. कुणीतरी म्हणालं, थंडी. कुणी म्हणालं, बॅटरी. मीही माझी मतं ठोकून दिली.

२२ जून

सकाळी यांची पिशवी बांधत होते. एक गाठ मारली. दुसरी मारायला दोरी उचलली आणि हात तिथेच राहिला.

तार एकाच वेढ्याखाली होती. दुसरा वेढा मी बाजूने घेतला होता. तारेला न लागता.

हे काहीतरी विचारत होते. मी पिशवी तशीच ठेवून डायरीतलं २ एप्रिलचं पान काढलं.

२३ जून

प्रमुखांना सांगितलं. खरखरला सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ द्या मॅडम.” त्याने ओरडायला हवं होतं.

कप्तानला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

यांनाही सांगितलं. यांना नवल वाटलेलं दिसलं नाही, म्हणून विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?” हे म्हणाले, “तू एप्रिलमध्ये येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलंस ना, दुसरी गाठ मारून आले म्हणून. तेव्हा काही वाटलं नाही. मग डबा बोलेना तेव्हा वाटायला लागलं.” “मग बोलला का नाहीत?” “मला काय कळतं गं त्यातलं.” इतकं सावकाश म्हणाले की मला जास्तच लागलं.

१४ ऑगस्ट

अजून फोन केलेला नाही. आता फार उशीर झाला असं वाटतं आणि रोज तो उशीर वाढतो. पोरीला थांबवलं मी. डब्याचं तोंड बांधलं मी. आणि वर तिलाच सांगत बसले, आईला काय हवंय ते बघ. तिच्या बाबांनी तर सरळ सांगितलं होतं काय हवंय ते.

१७ नोव्हेंबर

कुठल्याशा बेटावरच्या एका निवृत्त पोस्टमनचा, रेडिओचा नाद असलेल्या माणसाचा, निरोप आला. सोबत ध्वनिफीत. तुमच्या उपग्रहावरून कुणी मुलगी बोलतेय, भाषा कळत नाही, पण आवाज फार गोड आहे, काय म्हणते ते कळवाल का?

उन्हाने नायलॉन विरतो. सात महिने रोज तापून गारठून माझी गाठ अखेर आपोआप सुटली.

मी फीत ऐकली नाही. संध्याकाळी डबा आमच्यावरून जाणार होता, तेव्हा खरखरला घेऊन गच्चीवर गेले. आधी त्याची शीळ आली. तो खाली बसला. मग थोडी शांतता, आणि मग स्वच्छ, अगदी कानाशी बोलल्यासारखं:

“आई, मी वरून बोलतेय. जेवलीस का?”

मी हुंदके देऊन रडले. पोराने माझ्या हातातला रेडिओ काढून घेतला, पडेल म्हणून.

१८ नोव्हेंबर

फोन केला. या वेळी बंद केला नाही.

डबा बोलतोय हे सांगितलं. मग एका दमात गाठीचं सांगितलं, नाहीतर पुन्हा जमलं नसतं.

“मला माहीत होतं, मॅडम.”

“कधीपासून?”

“लाँचच्या दुसऱ्या दिवशी. पेटीत ठेवतानाच्या फोटोत दोन दोरे दिसतात. तुमच्या मागेच.”

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, “सांगून सुटणार होता का?”

“मग थांबलीस कशाला, बाळा? माहीत होतं तर त्याच दिवशी जायचंस.”

तिकडे शाळेची घंटा झाली, पोरं धावल्यासारखी वाटली.

“घरी गेले असते तर आईने विचारलं असतं, कधी बोलणार. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. तिथे तार तापवत बसले तर निदान खोटं नव्हतं. आणि तुम्ही म्हणालातच ना, थांब म्हणून. मला कुणीतरी म्हणायलाच हवं होतं तसं.”

मी म्हटलं, इथून आज्ञा पाठवली तर तो निरोप बंद करता येईल, डबा नुसती तापमानं पाठवेल. सांग, बंद करू का?

“गावावरून कधी जाणार आहे?”

मी वेळ सांगितली. ती म्हणाली, “तोवर राहू द्या. बाबांना विचारते.”

२० नोव्हेंबर

आज सकाळी तो त्यांच्या गावावरून गेला. मी इथे घड्याळाकडे बघत बसले होते, हातात काही नव्हतं.

दुपारी तिचा फोन आला. बाबांनी कपाटातून रेडिओ काढला, नवी बॅटरी घातली. ती त्यांना गच्चीवर चला म्हणत होती, तिथे आवाज चांगला येतो. ते ऐकेनात. खाटेवर आईच्या जागी रेडिओ ठेवला, खिडकीकडे तोंड करून, ती ठेवायची तसाच, आणि शेजारी बसले. आवाज आला. एकदा, मग थोड्या वेळाने दुसऱ्यांदा. मग पुन्हा खस्स.

“काही म्हणाले का?” मी विचारलं.

“म्हणाले, उशीर केलास गं.”

“तुला म्हणाले?”

“माहीत नाही. रेडिओकडे बघत होते.” मग म्हणाली, “बंद करू नका म्हणालेत. पुन्हा कधी जाणार ते कळवत जा, मॅडम. ते विचारतील.”

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्याच्या वेळा काढून ठेवल्या आहेत, उद्या तिला सांगेन.